गाडी घेऊन नेपाळला: सुनौलीच्या पुढे फोनमधलं काय चालतं आणि काय नाही

तेलगावच्या चौकातून सुनौली साधारण चौदाशे किलोमीटर आहे. माजलगाव, परतूर करत जालन्याकडे जायचं, समृद्धीला लागायचं, नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर आणि मग शेवटचे शंभरेक किलोमीटर. दोन मुक्काम धरले तर आरामात होतं. या रस्त्याने मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा आई आणि अण्णा सोबत होते. पहिल्या वेळी आमची गाडी सीमेच्या अलीकडेच राहिली आणि आम्ही भाड्याच्या जीपने काठमांडूला गेलो. दुसऱ्या वेळी गाडी आत गेली. या दोन ट्रिपमध्ये काय बदललं, ते या लेखात सांगतोय.

पहिल्या वेळची चूक माझीच होती. कामच सॉफ्टवेअरचं, त्यामुळे गाडीची आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी सगळं डिजीलॉकरमध्ये. आरसीचं स्मार्ट कार्ड तेलगावच्या घरात कपाटात पडून होतं. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश अशी तीन राज्यं पार केली, एका ठिकाणी पोलिसांनी थांबवलं, फोन दाखवला, पुढे सोडलं. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलं की कागद सोबत आहेत. सीमेपलीकडच्या खिडकीवर माणसाने विचारलं, "ब्लूबुक?" मी फोन पुढे केला. त्याने स्क्रीनकडे बघितलंही नाही. "ओरिजिनल."

आई म्हणाली, "अरे, मग आता?" अण्णा काहीच बोलले नाहीत. निघायच्या आधी दोन दिवस ते गाडी पुसत होते, घाटात आपण चालवणार म्हणून. गाडी अलीकडच्या एका लॉजच्या आवारात लावली. पुढचे तीन दिवस अण्णा जीपमध्ये खिडकीला टेकून बसले, मला काही म्हणाले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डिजीलॉकर तिथे का चालत नाही?

त्या माणसाचं बरोबर होतं. हे नीट समजून घ्या, म्हणजे बाकीचंही लक्षात येईल.

डिजीलॉकरमधली आरसी हा फोटो नाही. तुमचं अ‍ॅप परिवहन खात्याच्या 'वाहन' डेटाबेसमधून नोंद आणतं आणि दाखवतं. लायसन्ससाठी तसाच 'सारथी' डेटाबेस आहे. २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवले तरी चालतील असं ठरलं. म्हणजे भारतात पोलीस तुमचा फोन मान्य करतो त्यामागे दोन गोष्टी असतात. एक, तसा कायदा आहे. दुसरी, शंका आली तर त्याच्याकडच्या मशीनवर गाडीचा नंबर टाकून तो तीच नोंद स्वतः बघू शकतो.

सीमा ओलांडली की दोन्ही गोष्टी संपल्या. आपला नियम तिथे लागू नाही आणि तिथल्या कर्मचाऱ्याला आपला डेटाबेस उघडता येत नाही. त्याच्यासाठी तुमच्या स्क्रीनवरची आरसी म्हणजे एक चित्र. असं चित्र एडिटिंग येणारं कुणीही पोरगं दहा मिनिटांत बनवेल.

म्हणून ओरिजिनल न्या: आरसी, लायसन्स, इन्शुरन्सची प्रिंट, पीयूसी. प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स वेगळ्या ठेवा, कारण खिडकीवर झेरॉक्स लागतात आणि तिथल्या दुकानाला नेमकी तेव्हाच गर्दी असते. आपलं भारतातलं लायसन्स नेपाळमध्ये चालतं, वेगळं इंटरनॅशनल परमिट लागत नाही. नेपाळमध्ये आरसीला ब्लूबुक म्हणतात, शब्द ऐकून गोंधळू नका. गाडी भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांच्या सहीचं, गाडी नेण्याची परवानगी देणारं पत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत सोबत ठेवा. दुसऱ्या वेळी मी हे सगळं एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये घातलं. फाईल अण्णांकडे दिली. माझ्याकडे ठेवायला ते तयार नव्हते.

आधार कार्डाचा घोळ

माणसांच्या कागदांतही हेच होतं. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारापासून ये-जा मोकळी आहे. पण ओळखपत्र कोणतं चालतं याचे नियम आहेत: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार नाही. आपल्याकडे सिमकार्डापासून लॉजच्या रूमपर्यंत सगळीकडे आधार लागतं, त्यामुळे हे पटायला जड जातं. १५ पेक्षा लहान आणि ६५ पेक्षा मोठ्या लोकांना सूट आहे, त्यांना आधार, पॅन, लायसन्स, रेशन कार्ड असं काहीही फोटोवालं चालतं. १५ ते १८ मधल्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं.

पायी किंवा रिक्षाने जाणाऱ्यांना सुनौलीला बऱ्याचदा कुणी अडवतही नाही, म्हणून "काही लागत नाही रे" असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. तो बहुतेक गाडी न घेता गेलेला असतो. गाडीसोबत असलात की तुम्ही खिडकीवर जाता, आणि खिडकीवर कागद लागतो.

भन्सार म्हणजे काय?

नेपाळीत कस्टम्सला भन्सार म्हणतात. बाहेरची गाडी आत येते तेव्हा ती तिथे विकली जाऊ नये, ही त्यांची काळजी. नेपाळमध्ये गाड्यांवर प्रचंड कर आहे. आपल्याकडची साधी हॅचबॅक तिथे कितीतरी महाग पडते. त्यामुळे तुमची गाडी आत जाताना नोंदवली जाते, किती दिवस राहणार ते विचारलं जातं, त्या दिवसांची फी घेतली जाते आणि एक पावती मिळते. ही पावती परत येईपर्यंत जपायची. रस्त्यात ट्रॅफिक पोलीस सगळ्यात आधी तीच मागतात. भन्सारनंतर वाहतूक परवान्याची वेगळी खिडकी असते, तीही करायची. पहिली पावती मिळाली की झालं असं समजून बरेच जण तिथूनच गाडी पुढे काढतात.

एका वर्षात एकूण ३० दिवसांपर्यंत खासगी भारतीय गाडी तिथे ठेवता येते. दिवसांची फी आधीच भरायची असल्याने एक दिवस जास्तीचा घ्या. दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि तुम्ही अडकलात, तर मुदत संपलेल्या पावतीचा दंड वाचवलेल्या फीपेक्षा बराच जास्त असतो.

एजंट गाडीच्या काचेवर टकटक करतील. त्यांची गरज नाही. आमचं काम दुसऱ्या वेळी पाऊण तासात झालं, त्यातला निम्मा वेळ मी चुकीच्या रांगेत होतो.

आता पावतीवरच्या तारखेबद्दल, कारण इथे चांगल्या चांगल्यांची फसगत होते. पावती देवनागरीत असते, त्यामुळे मराठी माणसाला वाटतं, सगळं कळलं. पण तारीख विक्रम संवतातली असते. १४ एप्रिल २०२५ ला तिथे बैशाख १, २०८२ होतं. वर्षात ५६-५७ चा फरक आहे हे चटकन कळतं, महिन्यांत माणूस चुकतो. नावं ओळखीची आहेत, बैशाख, जेठ, असार. पण हे आपल्या पंचांगातले चांद्र महिने नाहीत. ते सौर महिने आहेत, इंग्रजी महिन्याच्या मध्यावर सुरू होतात आणि महिना २९ पासून ३२ दिवसांपर्यंत कितीही असू शकतो. हो, ३२. त्यामुळे मनातल्या मनात हिशेब करू नका. 'हाम्रो पात्रो' हे तिथलं सगळ्यांच्या फोनमधलं कॅलेंडर अ‍ॅप आहे, त्यात तारीख बदलून बघता येते. भारतात असतानाच टाकून घ्या. पावती हातात आली की शेवटचा दिवस इंग्रजी तारखेत काढा, खिडकीवरच्या माणसाकडून खात्री करा आणि फोनमध्ये त्याच्या आदल्या दिवसाचा अलार्म लावा.

सिम, रोमिंग आणि पंधरा मिनिटं

सीमेच्या अलीकडे चार-पाच किलोमीटरवरच फोन कधी कधी नेपाळचा टॉवर पकडतो. लक्षात कसं येतं? घड्याळ अचानक पंधरा मिनिटं पुढे जातं, कारण नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पाऊण नाही, अर्धा नाही, बरोबर पंधरा मिनिटं पुढे आहे. पोस्टपेड असेल आणि डेटा रोमिंग चालू असेल तर या क्षणी तुमचं बिल सुरू झालं. म्हणून गोरखपूर सोडलं की डेटा रोमिंग बंद करा आणि नेटवर्क ऑटोमॅटिकवरून काढून हाताने आपल्या कंपनीवर ठेवा.

पलीकडे गेल्यावर दोन पर्याय. दोन-तीन दिवसांसाठी आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक सोपा, तो भारतात असतानाच घ्या. आठवडाभरासाठी तिथलं सिम स्वस्त पडतं, एनसेल किंवा नेपाळ टेलिकॉमचं. ओळखपत्राची प्रत आणि फोटो लागतो.

पण आपलं सिम काढू नका. यूपीआय अ‍ॅप तुमच्या सिमशी बांधलेलं असतं, सिम निघालं की काही अ‍ॅप लगेच पुन्हा नोंदणी मागतात, आणि ती नोंदणी करायला तुमच्या नंबरवरून भारतात एसएमएस जावा लागतो. बँकेचे ओटीपीही त्याच नंबरवर येणार. म्हणून नेपाळचं सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये, डेटा त्याच्यावर, आणि आपलं सिम फक्त एसएमएससाठी जागं. एकाच स्लॉटचा फोन असेल तर घरातला जुना हँडसेट घेऊन जा आणि त्याचा हॉटस्पॉट वापरा. व्हॉट्सअ‍ॅप जुन्या नंबरवर चालत राहतं.

पैसे: आयसी की एनसी?

२०२४ च्या मार्चमध्ये एनपीसीआयची आंतरराष्ट्रीय शाखा आणि नेपाळची फोनपे यांनी यूपीआयने क्यूआर पेमेंट सुरू केलं. ही फोनपे आपली फोनपे नाही. नाव ऐकायला एकच, कंपनी वेगळी. तिथल्या दुकानात लाल रंगाचा फोनपेचा क्यूआर दिसला तर तुमच्या अ‍ॅपने स्कॅन होण्याची शक्यता असते. त्यासाठी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये यूपीआय इंटरनॅशनल असा पर्याय असतो, तो निघण्याआधी चालू करा. प्रत्येक बँक आणि प्रत्येक अ‍ॅपला ते जमतंच असं नाही. पलीकडे पोचल्यावर आधी चहाचे पैसे देऊन बघा. हॉटेलचं बिल भरताना पहिला प्रयोग करू नका.

आणि नोटा न्याच. भन्सारला, पेट्रोल पंपावर, घाटातल्या ढाब्यावर रोखच चालते. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी आणली. अलीकडे नियम सैल होत आहेत, पण गल्ल्यावरचा माणूस नियमापेक्षा सवयीने चालतो. शंभराच्या नोटा घेऊन गेलात तर कुणाशी वाद घालावा लागत नाही. आपल्या बँकेत दोन दिवस आधी सांगून ठेवा, शंभराची बंडलं लगेच मिळतीलच असं नाही.

दर सोपा आहे. १९९३ पासून एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये असा बांधलेला आहे. आपले शंभर म्हणजे तिथले १६०. फक्त किंमत ऐकली की विचारायचं, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे इंडियन करन्सी, एनसी म्हणजे नेपाळी. हा प्रश्न न विचारल्यामुळे आम्ही एका जेवणाचे सव्वापटीपेक्षा जास्त पैसे देऊन आलो. दुकानदाराने फसवलं नव्हतं, त्याने एनसी सांगितलं, मी आयसी दिले, त्याने सुट्टे परत केले आणि ते मी मोजले नाहीत.

फास्टॅग सुनौलीपर्यंतच.

इन्शुरन्सचं पहिलं पान उघडा

हे फार थोडे लोक करतात, आणि सगळ्यात महाग हेच पडू शकतं. पॉलिसीच्या पीडीएफमध्ये 'जिऑग्राफिकल एरिया' अशी एक ओळ असते. तिथे बहुतेक वेळा फक्त इंडिया लिहिलेलं असतं. म्हणजे नेपाळमध्ये गाडी ठोकली तर दुरुस्तीचा क्लेम होणार नाही. थोडा जास्तीचा प्रीमियम भरून ही हद्द नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढवता येते. अ‍ॅपमध्ये हा पर्याय सहसा सापडत नाही. कंपनीला मेल करा, 'जिऑग्राफिकल एक्स्टेन्शन' हवंय असं लिहा, आणि सुधारलेली पॉलिसी प्रिंट करून घ्या. निघण्याच्या दहा दिवस आधी, गोरखपूरच्या लॉजवरून नाही.

घाबरवायला सांगत नाही, पण रस्ता तसा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना मर्स्यांगदी नदीत कोसळली, पंचवीसहून जास्त माणसं गेली. त्याच्या आदल्याच महिन्यात नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या होत्या. आपण याच रस्त्याने जाणार असतो. पावसाळ्यात गाडी घेऊन जाऊ नका, ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल बघा. आणि अंधार पडायच्या आत थांबा, पुढच्या गावात हॉटेल स्वस्त मिळणार असलं तरी.

मॅपचं म्हणाल तर सुनौली ते काठमांडूचा भाग आधीच ऑफलाइन डाउनलोड करा, दरीत नेटवर्क जातं. पण मॅपच्या वेळेवर विश्वास ठेवू नका. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. समृद्धीवर एवढ्याला तीन तास लागतात, इथे आख्खा दिवस धरा. कुठे काम चालू असतं, कुठे दरड, कुठे ठरावीक तास रस्ता बंद. हे मॅपला उशिरा कळतं, हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच कळलेलं असतं. त्याला विचारा. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, ते एक बरं. काठमांडूत विनाकारण हॉर्न वाजवायला २०१७ पासून बंदी आहे. अण्णांना हे दोन दिवस जड गेलं.

फोनच बंद पडला तर?

हे कल्पनेतलं नाही. ४ सप्टेंबर २०२५ ला नेपाळ सरकारने फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, यूट्यूबसकट सव्वीस अ‍ॅप्स बंद केली. ८ तारखेला तरुण रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसं गेली, बंदी मागे घेतली गेली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. काठमांडूत संचारबंदी लागली, विमानतळ बंद झालं, सीमेवरची वाहतूक विस्कळीत झाली. तेव्हा तिथे असलेल्या भारतीय पर्यटकांचे घरच्यांशी संपर्काचे नेहमीचे मार्गच आधी गेले होते.

म्हणून एक कागद करा. त्यावर घरचे दोन नंबर, हॉटेलांचे नंबर, काठमांडूतल्या भारतीय दूतावासाचा नंबर, इन्शुरन्स पॉलिसीचा नंबर आणि गाडीत बसलेल्या प्रत्येकाचा रक्तगट. एक प्रत गाडीत, एक घरी तेलगावात, किंवा तुमचं जे गाव असेल तिथे. घरच्यांना रोज ठरावीक वेळी साधा एसएमएस करायचं ठरवा, त्याला इंटरनेट लागत नाही. दिल्लीच्या परराष्ट्र खात्याच्या सूचना निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, रील बघून ठरवू नका.

ड्रोन असेल तर घरीच ठेवा. परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि तपासणीत सापडलं तर तुमचे दोन तास जातात.

हे सगळं नेपाळपुरतं आहे. भूतानला भारतीयांनाही परमिट लागतं, पर्यटकांना माणशी दर रात्रीचे १२०० रुपये शुल्क आहे आणि गाडी आत नेण्याचा खर्च वेगळा. त्याच्याही पलीकडे, थायलंडकडे किंवा युरोपकडे गाडी न्यायची असेल तर 'कार्ने' नावाचं पुस्तक लागतं, गाडीचा पासपोर्टच समजा. त्यासाठी मुंबईतल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे चौकशी करावी लागते. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

परत येताना भन्सारची पावती खिडकीवर दाखवून गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्या. ही नोंद राहिली तर त्यांच्या हिशेबात गाडी अजून नेपाळमध्येच असते, आणि पुढच्या वेळी ते तुम्हालाच विचारतात. अलीकडे आल्यावर नेपाळचं सिम काढा, यूपीआय इंटरनॅशनल बंद करा, रोमिंग बंद आहे का बघा, नेटवर्क पुन्हा ऑटोमॅटिकवर टाका. घड्याळ आपोआप मागे आलं नसेल तर फोन एकदा रिस्टार्ट करा.